पूजेतली गिटार

जोगेश्वरी,
१३ जुलै

चि. अपूर्वा,

आशीर्वाद लिहावा की नाही, यात सकाळपासून दोन कागद फाडले. आता लिहितो. नको असेल तर ती एक ओळ सोडून पुढे वाच.

अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे. दुसरं काही समजू नकोस.

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे चिडायचं असेल तर लगेच चिडशील. कपाटावरची तुझी गिटार मी खाली काढली. आठ वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. पिशवीवर एवढी धूळ होती की आई म्हणाली, "आधी गच्चीत नेवन झाडा, माका शिंका येतत." तारा सगळ्या गंजल्या होत्या. एक तर कधीतरी आपली आपणच तुटून वेटोळं होऊन बसली होती. अंधेरीला जाऊन नव्या घालून आणल्या. दुकानदाराने लाकडावर बोटाने दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "माल अच्छा है चाचा. किसका है?" म्हटलं, मुलीची आहे. "बजाती है?" मी पिशवीची चेन लावत राहिलो. चेनही मेली अडकते.

आणि मी ती वाजवायला शिकतोय. बहात्तराव्या वर्षी. हाताला चाळा म्हणून.

आपल्या इमारतीखाली विहाराचा हॉल आहे ना, तिथे बी विंगमधल्या अंबादासची दर्शना रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घेते. तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती. आता नोकरी करते आणि शिकवतेही. वीस वर्षं मी त्या हॉलवरून जातोय, पण आत पहिल्यांदा गेलो. दारात चप्पल काढून उभाच राहिलो. ती म्हणाली, "काका, चप्पल काढलीत म्हणजे यायचं ठरलंय. या आता."

माझं म्हणणं एवढंच आहे. खंडेनवमीच्या दिवशी तू गिटार न घेता घरातून गेलीस. यंदाच्या खंडेनवमीपर्यंत मला त्या गिटारीवर एक चाल नीट वाजवता यायला हवी. तुला झोपवताना आई गुणगुणायची ती. तू एकदा ऐकावीस. माझा फोन तू घेत नाहीस, पण आईच्या फोनवरून चालेल. ऐकून झालं की तुझी गिटार नीट बांधून बंगळूरला पाठवीन.

पत्ता आईकडून घेतला. तिला रागावू नकोस. पत्र पोचेल ना? खालची टपालपेटी अजून उघडतात की नाही कोण जाणे. टाकायच्या आधी दोन दिवस लक्ष ठेवणार आहे.

बाबा

२७ जुलै

अपूर्वा,

पेटी उघडतात. मी पाहिलं. दुपारी सव्वाबाराला माणूस येतो.

वर्गात दहा मुलं आणि मी. सगळ्यात मोठं मूल नऊ वर्षांचं. माझ्यासाठी दर्शनाने खुर्ची आणली, तर एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, आजोबा पण होमवर्क करणार?" करणार म्हटलं.

दर्शना पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, डावा हात विसरा. तो तारांवर नुसता आडवा ठेवा, सूर बंद झाला पाहिजे. आज फक्त उजवा."

"उजवाच जरा..." मी म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून उजवाच."

नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, पिक म्हणतात. तुला मी काय सांगतोय. तो मी मुठीत आवळून धरायचो. दर्शना म्हणते, "हातोडा नाहीये काका. गरम बशीची कड धरता ना, तसा धरा." तसा धरला की सुटतो. हात खांद्यापासून हलवला की म्हणते, "दळण दळताय काय? मनगट सोडा. ओल्या हाताचं पाणी झटकता तसं." घरी आल्यावर मोरीत उभा राहून मी पाणी झटकतो. आई बघत राहते. "सगळी भिंत भिजवल्यात. लोकांक दिसला तर लोक हसतले," म्हणते. सातव्या मजल्यावरच्या मोरीत कोणते लोक बघणार?

एक गोष्ट सांगायची आहे. पिक माझ्या हातून सुटून भोकातून गिटारीच्या आत पडला. मुलांना मजा वाटली. दोघांनी गिटार उलटी धरली, एकाने हलवली. पिक पडला, आणि त्याच्यामागून तांदूळ पडले. सात-आठ दाणे, कुंकू लावलेले. कुंकू विटून मातकट झालं होतं.

"आजोबा, तुम्ही गिटारला जेवायला घालता?" ती चिमुरडी म्हणाली.

सगळी हसली, मीही हसलो. मग दाणे वेचले. वाकून वेचायला वेळ लागला. ते आता शर्टाच्या खिशात कागदात बांधून ठेवलेत. कुठले आहेत ते तुला कळलंच असेल.

दुपारी जेवून पडलो की हल्ली झोप लागते की नाही ते कळत नाही. खिडकीतून हायवेवरची मेट्रो दिसते. लांबून तिचा आवाज येत नाही, नुसती सरकत जाते. ती बघता बघता मी गावच्या खाडीत असतो. होडीत मी एकटा, आणि उजव्या हातात वल्हं. हात छान चालत असतो. पाण्यातून मागे, वरून पुढे, पाण्यातून मागे. किनारा येत नाही, आणि यावा असंही वाटत नाही. जाग येते तेव्हा हात छातीवर असतो, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

बाबा

१७ ऑगस्ट

अपूर्वा,

तुझं उत्तर नाही. तू लिहावंस म्हणून मी लिहीत नाही, पण पत्र पोचतं की नाही एवढं तरी कळायला हवं. आईला विचारलं, "ती काही बोलली?" आई म्हणाली, "तुमचा नाव निघाला की ती भाजीचो भाव इचारता." म्हणजे नाव निघतं तरी.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेन चांगलं आहे.

होळीच्या नंतर एक दिवस चहा पिताना कप हातातून गेला. मला वाटलं, कपाला तेलकट हात लागला असेल. दुसरा कप घेतला, तोही गेला. मग तोंड थोडं वाकडं झालं. चार दिवस हॉस्पिटलात होतो. तोंड सरळ झालं. हात अर्धा आला, अर्धा यायचाय. तिथल्या बाईंनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाल्या. तो दाबताना माझा जीव जायचा. रडू यायचं, खरं सांगतो. चेंडू दाबून काय होतं? काहीच होत नाही. चेंडू पुन्हा फुगतो.

तुला कळवू नकोस असं आईला मीच सांगितलं. तू आली असतीस तर हातासाठी आली असतीस. आणि आली नसतीस तर ते मला कळलं असतं. दोन्ही नको होतं.

असो. आता प्रगती सांगतो. नुसतं खाली मारणं जमतं. एक, दोन, तीन, चार. दर्शना टाळी वाजवते आणि आम्ही अकरा जण खाली, खाली, खाली, खाली. हॉल भरून जातो. मग वर येणं शिकलो. मला वाटायचं, खाली येताना जेवढ्या तारांना लावतो तेवढ्या सगळ्यांना वर जातानाही लावायचं. हात अडकायचा, पिक उडायचा. दर्शना म्हणाली, "काका, वर जाताना सगळ्यांना भेटायची गरज नाही. खालच्या दोन-तीन बारीक तारांना नुसतं शिवून जायचं." मग जमलं. किती हलका आवाज येतो गं. वाळत घातलेली साडी वाऱ्याने उडून पुन्हा दोरीवर बसावी तसा.

आई आतून म्हणाली, "आता जरा बरा वाजला." मी विचारलं, "खरंच?" तर म्हणते, "तुमचो हात हलता हा, ह्या काय थोडा झाला? जेवक चला."

आता डाव्या हातानेही तारा दाबतो, त्या बोटांना वण पडलेत. तुझ्याही बोटांना असायचे. तू जेवताना मी ते बघायचो. विचारलं कधी नाही.

बाबा

२ सप्टेंबर

अपूर्वा,

यंदा गणपतीला गावाला गेलो नाही. हात असा, एसटीत दांडा धरायचा कसा? इथेच दीड दिवसाचा आणला. आरतीला आईच्या हातात ताट, माझ्या हातात घंटी. तीही डाव्या हातात.

वर्ग बंद आहे. दर्शना तिच्या मावशीकडे घाटकोपरला गेलीय, तिथून परीक्षेला बसणार आहे. वीस तारखेपर्यंत येणार नाही. जाताना तिने आईच्या चालीला बसेल असा ठेका सांगितला आणि "रोज अर्धा तास, काका" म्हणून गेली. मी कागदावर लिहून घेतला. तो असा:

खाली, खाली, वर, वर, खाली, वर.

आता बघ. खाली जमतं. दुसरं खाली जमतं. मग वर. आणि मग परत वर? हात एकदा वर गेलेला आहे. तो वरच असताना पुन्हा वर जाणार कसा? मी तिथे थांबतो, हात तसाच हवेत धरतो, मग झटक्याने काहीतरी करतो आणि पुढचं सगळं मागेपुढे होतं. सहा दिवस झाले. मी ऐकलंच चुकीचं असेल का? की तिने सांगितलं बरोबर आणि मी लिहिलं चूक? रात्री विचारायला फोन करावा तर पोरीचा अभ्यास. आईला विचारलं, तर म्हणाली, "माका फुगडीचो ठेको इचारा."

खंडेनवमीला महिना उरला नाही. या एका जागी अडकून पडलो तर सगळंच राहील. मला भीती वाटते. कशाची, ते नीट सांगता येत नाही. वाजवता आलं नाही तर बोलावं लागेल, आणि बोलताना मी नेहमी भलतंच बोलतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो होतो. ठेक्याबद्दलच लिहून झालं.

बाबा

१८ सप्टेंबर

अपूर्वा,

काल दुपारी पाकीट आलं. तुझं अक्षर. मी ते तीन तास उघडलं नाही. देवाजवळ ठेवलं, मग तिथून काढून गादीखाली ठेवलं. शेवटी आईने कातरीने कापलं.

आत माझंच पत्र होतं. दोन तारखेचं. दुसरा कागद नाही, एक शब्द नाही.

मी आईला म्हटलं, "परत पाठवलंन. लिहू नका म्हणते." आणि खुर्चीत बसलो. मेट्रो गेली, दुसरी गेली. मला वाटलं, ठीक आहे, आता गिटार बांधायला घेऊ. दोरी कुठे ठेवलीय ते आठवत होतो.

आईने चष्मा लावला आणि पत्र खिडकीशी नेलं. "ह्यां तुमी लिवल्यात?"

"काय?"

"ह्यां. पेन्सिलीन."

ठेक्याची ओळ होती. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. दोन वरांच्या मध्ये पेन्सिलीने एक बारीकसं शून्य काढलं होतं. पहिल्या दोन खालींच्या मध्येही एक. बाकी कागद मी लिहिला तसाच.

मी गिटार घेतली. दोन वरांमधलं शून्य आलं तिथे हात खाली आणला, पण तारांना लावला नाही, नुसता त्यांच्यावरून नेला. मग दुसरं वर आपोआप आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. हात कुठेच थांबला नाही, अपूर्वा. कधी लागतो, कधी लागत नाही, पण जातो-येतो. माझ्या स्वप्नातलं वल्हं असंच चालायचं, वरून येताना पाण्याला न लागता. आणि मी तीन आठवडे हात हवेत धरून बसलो होतो.

आई दारात उभी होती. जेवक चला म्हणाली नाही.

आज पहिल्यांदा चष्मा न शोधता पेन सापडलं.

बाबा

२८ सप्टेंबर

अपूर्वा,

दर्शना आली. ठेका ऐकून म्हणाली, "काका, हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "मुलीने." ती म्हणाली, "मग मला कशाला त्रास देता?" आणि हसली.

येत्या बुधवारी खंडेनवमी. आता लिहितोच.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पूजा मांडली. माझे फिटरकामाचे पाने, पकड, आईची कातरी, विळी. आणि पहिल्यांदाच तुझी गिटार. आधीची चार वर्षं ती कोपऱ्यात असायची, मी तिला "तो डबा" म्हणायचो. त्या वर्षी ती मी स्वतः पुसली, पाटावर उभी केली, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. माझ्या पान्यांच्या शेजारी. म्हणजे मला मान्य झालं होतं की हे तुझं काम आहे, तू यावर जगशील. तोंडाने सांगायला जमत नव्हतं, म्हणून मांडली. वाटलं, तू आंघोळ करून येशील, बघशील, काहीतरी म्हणशील.

तू आलीस आणि म्हणालीस, "बाबा, पाच वाजता मला ती लागेल."

तुला त्या संध्याकाळी अंधेरीला एका ग्रुपसमोर वाजवून दाखवायचं होतं. पसंत पडलं असतं तर ते तुला कायमचं घेणार होते. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. तू हात जोडलेस. आई म्हणाली, "अक्षता टाका आणि घेऊन जावंदे तिका." मी दारात जाऊन उभा राहिलो. तू माझ्या बाजूने रिकाम्या हाताने निघून गेलीस. तिथे दुसऱ्याची गिटार मागितलीस आणि ती मिळाली नाही, हे मला फार उशिरा कळलं. महिन्याभराने तू बंगळूरला गेलीस. आई म्हणते, त्यानंतर तू गिटारीला शिवली नाहीस.

इतकं तुला माहीत आहे. माहीत नाही ते पुढे आहे.

पूजा हलवता येते. अक्षता टाकायच्या, देवाला सांगायचं आणि उचलायचं. मी स्वतः उचललंय. तू दहा-बारा वर्षांची होतीस. मी एमआयडीसीत फिटर होतो. खंडेनवमीच्या दुपारी कारखान्यातला माणूस दारात आला, कॉम्प्रेसर बंद पडलाय, साहेब बोलावतायत म्हणाला. माझे पाने पूजेत. मी आईला विचारलंसुद्धा नाही. चार अक्षता टाकल्या, पाने उचलले, कुंकू पॅन्टला पुसलं आणि गेलो. संध्याकाळी येऊन पुन्हा मांडले. काहीसुद्धा झालं नाही.

साहेबाच्या माणसासाठी मी पूजा हलवली. तुझ्यासाठी दारात उभा राहिलो. देवाचं नाव पुढे केलं. खरं म्हणजे मी रुसलो होतो. मी गिटार कुठे मांडली ते तुला दिसलं नाही म्हणून.

माझी चूक झाली. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली आणि लिहून झाल्यावर एवढंसंच दिसतंय.

बाबा

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

अपूर्वा,

काल काय झालं ते तू ऐकलंस. दिसलं नाही तेवढं लिहितो.

सकाळी पूजा मांडली. पाने, पकड, कातरी, विळी, गिटार. संध्याकाळी पाच वाजता मी खिशातली पुडी सोडली. तेच सात-आठ दाणे. पूजेवर टाकले, देवाला सांगितलं आणि गिटार उचलली. कुंकू तसंच ठेवलं. आईने फोन लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि पदर खोचून खाली बसली. मला वाटलं, फोन कुणी उचललेला नाही. पलीकडे काहीच आवाज नव्हता.

मी सुरू केलं. आई गुणगुणायला लागली. खिडकीत ऊन तिरपं झालं होतं, पाटावरचं पितळ चमकत होतं, आणि हात जात होता, येत होता, माझा असूनही माझा नसल्यासारखा. किती वेळ गेला कोण जाणे. एका ठिकाणी सूर बदलताना डाव्या हाताचं बोट तारेखाली अडकलं आणि उजवा हात थांबला. आईही थांबली.

फोनमधून तू म्हणालीस, "का थांबलात?"

"बोट अडकलं," म्हटलं.

"बोट अडकू दे. हात कशाला थांबवता? पुन्हा."

एवढंच. मी पुन्हा वाजवलं. शेवटपर्यंत. मग मी विचारलं, "गिटार पाठवू?" तू म्हणालीस, "खालून दुसरी तार सुरातून उतरलीय. ती आधी चढवा." आणि फोन ठेवलास.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "बापाचीच पोर."

आज उठल्या उठल्या ती तार चढवली. दर्शनाला वर बोलावणार होतो, पण नको म्हटलं. माझ्या कानाला बरोबर वाटते, पण माझा कान काय, त्याला सगळंच बरोबर वाटतं. तू ऐकून सांगायला हवंस. आईचा फोन मागितला तर तिने पदराखाली धरला. "तुमचो असा ना फोन? तेच्यावरून लावा."

तर आता माझ्याच फोनवरून लावणार आहे. आधी खाली जाऊन हे पत्र पेटीत टाकतो, मग लावतो. नाही उचललास तरी तार चढवलेली आहे.

बाबा